जंगलाचं वय कशावरून धरायचं?

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात आमच्या एका कार्यकर्तीने केलेलं हे भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे, मधली हसाहशी आणि चहाची सूचना तेवढी गाळली. वाडीत जमल्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)



आयाबायांनो, बाबांनो आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या पोरांनो, मला आज विषय दिलाय जंगलाचं वय आणि जंगलाचं वजन. नाव ऐकून काही जणांना वाटलं असेल, ही काय आता आपल्याला शाळा शिकवणार. तर तसं नाय. या विषयावर तुमच्यापैकी निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त ते कागदावर कसं मांडायचं ते आपल्याला कुणी सांगितलं नाय. आणि कागदावर नाय म्हणून आपण हरतो.

सुरुवात एका गोष्टीपासून करते. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला आमचं सामूहिक जंगल आहे. तिथं एकदा एक साहेब आले. हातात फाइल. त्यांनी चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे केली आणि लिहिलं : जंगल खालावलेलं, झाडं कोवळी, वय अंदाजे पंधरा वर्षं, नवीन लागवडीस योग्य. माझी आजी मोळी उतरवून तिथंच टेकली होती. ती म्हणाली, ‘साहेब, मी लगीन होऊन आली तवा ह्याच ऐनाच्या बुडाशी कोळशाची भट्टी व्हती. मंग मी साठीच्या पुढं आन् ऐन पंधराचा कसा?’ साहेब हसले. आम्ही पण हसलो. पण घरी आल्यावर माझ्या डोक्यातनं ते जाईना. खोटं कोण बोलत होतं? दोघंही खरंच बोलत होते.

साहेबांनी वर बघितलं. वर जो सोटा उभा आहे तो खरंच पंधरा वर्षांचा आहे. आजीने खाली बघितलं. खाली जो खुंट आहे, त्याची जी मुळं मुरमात शिरलीत, ती आजीपेक्षा म्हातारी आहेत. आपल्या कर्जत-खालापूरच्या डोंगरांवर बहुतेक जंगल हे असं आहे. वरती नातू आणि खाली पणजा.

हे असं का झालं ते म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको, पोरांसाठी सांगते. १८५६ साली मुंबईची रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली बोरघाट चढून गेली. रेल्वे आली म्हणजे मुंबईची चूल आपल्या दारात आली. लाकूड, कोळसा, इमारतीचा साग, सगळं खाली जाऊ लागलं. १८७८ चा जंगल कायदा आला, डोंगर राखीव झाले, आणि पुढे कूप पडायला लागले. कूप म्हणजे काय? डोंगराचे तुकडे पाडायचे, एका वर्षी एक तुकडा तोडायचा, खुंट ठेवायचे, त्याला फुटवे येऊ द्यायचे, आणि फेरी पूर्ण झाली की परत पहिल्या तुकड्यावर कुऱ्हाड घेऊन यायचं. तोडायला कोण होतं? आपणच. ठाकर तोडायला, कातकरी भट्टी लावायला. ठेकेदाराचा आगाऊ पैसा अंगावर, तो कधी फिटायचा नाय. जंगल तोडल्याचा ठपका मात्र आजपर्यंत आपल्याच माथ्यावर आहे.

तर ऐन, साग, किंजळ, धावडा, हेद ही झाडं तोडली तरी मरत नाहीत. खुंटाला फुटवा येतो. सागाचा फुटवा तर पहिल्याच पावसाळ्यात माणसाच्या उंचीला जातो. आता विचार करा, तुम्ही सागाचं बी पेरलंत तर पहिल्या वर्षी ते रोप केवढं होतं? वीतभर, फार तर हातभर. मग फुटव्याला एवढी ताकद कुठून आली? खालच्या मुळांतून. त्या मुळांत आधीच्या झाडाने जमवून ठेवलेलं अन्न असतं. पोराला बापाची कमाई मिळते तसं. म्हणून मी म्हणते, कूप तोडलेल्या जंगलाचं वय कूप तुटल्यापासून मोजणं हा अर्धाच हिशोब आहे.

आता वजनाकडे येते. वजन कशाला बघायचं? कारण जंगलात किती आहे, हे झाडांच्या संख्येवर कळत नाय. एका घरात दहा माणसं आहेत एवढं सांगितलं तर घरात किती हात कामाला आहेत ते कळतं का? दहाही पाळण्यातली असतील.

झाडाचं वजन उभ्या झाडावरून काढता येतं, तोडावं लागत नाय. बारावीला मला वाटायचं ही फार मोठ्या लोकांची विद्या आहे. पण शिंप्याची टेप असली तरी काम होतं. जमिनीपासून छातीच्या उंचीवर, सरकारी मापात १ मीटर ३७ सेंटिमीटर म्हणजे साडेचार फूट, तिथं बुंध्याभोवती टेप गुंडाळायची. उतार असेल तर वरच्या अंगाला उभं राहून उंची धरायची. जी येईल ती झाडाची गोलाई. एका खुंटाला तीन सोटे असतील तर तिन्ही वेगळे मोजायचे, पण खुंट एकच लिहायचा.

समजा एक कोवळा ऐन आहे, गोलाई ३० सेंटिमीटर, उंची ६ मीटर. आणि दुसरा जुना ऐन आहे, गोलाई १२० सेंटिमीटर, उंची १२ मीटर. डोळ्याला काय वाटतं? मोठा ऐन चौपट जाड आणि दुप्पट उंच, म्हणजे आठपट असेल. मी काल रात्री हाच प्रश्न शिबिरातल्या पोरांना विचारला, सगळ्यांनी आठच सांगितलं. पण जाडी चौपट झाली की आडवा काप चौपट होत नाय, चार चोक सोळापट होतो. भाकरी घ्या. वीतभर रुंद भाकरीला जेवढं पीठ लागतं, दोन वीत रुंद भाकरीला त्याच्या चौपट लागतं, बायांना हे सांगायला नको. तर काप सोळापट, आणि उंची दुप्पट. सोळा दुणे बत्तीस. एक जुना ऐन म्हणजे बत्तीस कोवळे ऐन.

किलोमध्ये हवं असेल तर गोलाईला गोलाईने गुणा, १२.५७ ने भागा, त्याला उंचीने गुणा, आणि अर्धं करा, कारण झाड वर निमुळतं होत जातं. सगळं मीटरमध्ये धरायचं. ऐनाचं वाळलेलं लाकूड घनमीटरला साधारण ७५० किलो भरतं. कोवळ्या ऐनाचा सोटा येतो १६ किलो. आपल्या बायांच्या डोक्यावरची मोळी याच्यापेक्षा जड असते. आणि जुन्या ऐनाचं खोड येतं ५१५ किलो. फांद्या आणि मुळं वेगळी. हा अंदाजाचा हिशोब आहे, झाडागणिक थोडं इकडे तिकडे होणार, पण सोळा आणि पाचशे यातला फरक इकडे तिकडे होत नाय.

झाडाची जात पण बघावी लागते. सावर झपाट्याने जाड होते, पण तिचं लाकूड हलकं, ऐनाच्या निम्म्याच्या आसपास. खैर सावकाश वाढतो पण दगडासारखा भरतो. म्हणून नुसती गोलाई बघून सावर आणि खैर एका ओळीत लिहू नका.

जाता जाता एक गंमत सांगते. लाकडाच्या बाजारात एक जुनी मोजणी चालत आली आहे. गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं, आणि लांबीने गुणायचं. सोपं आहे, कुणालाही जमतं. पण ओंडका गोल असतो आणि हा हिशोब चौकोनी आहे, आणि तो चौकोन ओंडक्यापेक्षा लहान निघतो. शंभर भागातले एकवीस-बावीस भाग मोजणीतच हरवतात. ओंडका शंभर भाग जातो, हिशोब अठ्ठ्याहत्तरचा होतो. व्यापारी म्हणतो सालीचं आणि तासणीचं नुकसान धरलंय. असेल. पण ज्याने गोलाई मोजायला शिकली त्याला निदान कळतं की कुठं किती गेलं.

आता एका झाडावरून आख्ख्या डोंगराकडे जाऊ. इथं जरा लक्ष द्या, कारण इथं हुशार माणसं पण चुकतात.

उघड्या जमिनीवर जंगल उगवायला लागलं की पहिली काही वर्षं वजन फार सावकाश वाढतं. रोपं खूप असतात, पण सगळी काडीएवढी. मग एक काळ येतो, तरणेपणाचा, तेव्हा डोंगराचं वजन भराभर वाढतं. पण त्याच काळात झाडांची संख्या घटते! उजेडासाठी भांडण होतं, जो वर गेला तो जगला, खालचा वाळला. सागाची सरकारी लागवड बघा. दोन मीटरवर एक रोप लावलं तर हेक्टरला २५०० रोपं बसतात. ती सगळी कधीच मोठी होत नाहीत. विरळणी करावी लागते, आणि शेवटी हेक्टरला शे-दोनशे उरतात. म्हणजे झाडं कमी होत जातात आणि जंगल जड होत जातं. नंतर म्हातारपण येतं, तेव्हा पूर्ण डोंगराचं वजन वाढायचं मंदावतं. एखादा जुना कळंब पडतो, त्या जागी उजेड येतो, दहा रोपं उठतात.

यावरून काही लोक म्हणतात, म्हातारं जंगल वाढत नाय, मग राखून काय उपयोग, तोडा आणि नवं लावा. हे ऐकायला बरं वाटतं. पण २०१४ साली ‘नेचर’ नावाच्या विज्ञानाच्या मासिकात एक मोठा अभ्यास आला होता. जगभरातल्या ४०३ जातींच्या झाडांची मापं त्यात जमवली होती. त्यात दिसलं की बहुतेक जातींत झाड जेवढं मोठं, तेवढं ते दर वर्षी जास्त वजन अंगावर घेतं. मग दोन्ही कसं खरं? असं की, एकटं म्हातारं झाड जोरात वाढतच असतं, पण डोंगरावर तशी झाडं थोडी असतात आणि मधून मधून एखादं पडतं, म्हणून पूर्ण डोंगराची बेरीज मंदावल्यासारखी दिसते. घरातला कर्ता माणूस जास्त कमावतो म्हणून घराची कमाई दुप्पट होत नाय, कारण कर्ते दोनच असतात. पण म्हणून कर्त्याला घराबाहेर काढून त्या जागी चार पोरं आणली तर घर चालेल का?

आणि वाढ मंदावली म्हणजे साठा गेला असं नाय. साठा तिथंच उभा आहे. लाकडाच्या वाळलेल्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. सगळं जग ज्या कार्बनच्या नावाने बोंबलतंय तो हाच. झाड जाळलं की तो धूर होऊन वर जातो, झाड उभं राहिलं की तो लाकडात राहतो.

आता मी तुम्हाला लांब नेते, थंड देशात. फिनलंड, रशिया, कॅनडा. तिथं वरच्या अंगाला मोठमोठी दलदल आहे आणि दलदलीत जंगल आहे. पाणी साचलेलं, थंडी भयंकर, म्हणून झाड वाढतच नाय. काही ठिकाणी शंभर वर्षांचं झाड आपल्या दंडाएवढं जाड असतं. आपल्याकडच्या साहेबाने ते बघितलं तर लिहिलं असतं : कोवळं, खालावलेलं. पण त्या झाडांच्या खाली काय आहे? मेलेलं शेवाळ आणि पालापाचोळा, पाण्यामुळे न कुजलेला, हजारो वर्षं थरावर थर साचलेला. त्याला पीट म्हणतात. काही ठिकाणी पुरुषभर, कुठं त्याहून खोल. जगाच्या जमिनीत अशी जागा शंभरात तीनच भाग आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या सगळ्या झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याच्यापेक्षा जास्त या दलदलींत आहे.

फिनलंडमध्ये काय केलं, तर झाडं जाड व्हावीत म्हणून दलदलीत चर खणले, पाणी काढून दिलं. देशातली जवळजवळ निम्मी दलदल अशी सुकवली, जास्त काम १९६० आणि १९७० च्या दशकात झालं. झाडं वाढली, खोटं कशाला बोला. झाडाचं वय आणि वजन यांचा आकडा बघितला तर छानच दिसतो. पण खालचं पीट उघडं पडलं, हवा लागली, आणि ते कुजायला लागलं. जे दिसतं ते वाढलं आणि जे दिसत नाय ते गेलं.

आपल्याकडे पीट नाय. आपल्याकडे मुरूम आहे, आणि मुरमात जुने खुंट आहेत. साधारण जंगलात वरच्या शंभर किलोला खाली वीस ते तीस किलो मुळं धरतात. पण कूप तोडलेल्या डोंगरावर वरचं परत परत गेलंय आणि खालचं राहिलंय, म्हणून तिथं खालचा भाग या हिशोबात मावत नाय. आता त्या डोंगरावर यंत्र लावून चर मारले, खुंट उपटले आणि ‘साफ’ जमिनीवर रोपं लावली, तर कागदावर काय दिसेल? पूर्वी : खालावलेलं जंगल. आता : हेक्टरी एवढी रोपं.

हे मी कशासाठी सांगते ते आता कळलं असेल. आपल्या तालुक्यात धरणांची नावं तुम्हाला पाठ आहेत. कोंढाणे, पोशीर, शिलार. शिवाय रस्ते, रेल्वे, विजेच्या तारा. जंगलाची जमीन अशा कामाला गेली की कायद्याने तिच्या बदल्यात दुसरीकडे जंगल लावावं लागतं. तेवढीच बिगर-जंगल जमीन, किंवा काही बाबतीत दुप्पट खालावलेलं जंगल. हे दुप्पट खालावलेलं जंगल म्हणजे कुठलं? आपल्या दळीच्या जागा, आपले गुरचरणीचे माळ, आपलं सामूहिक जंगल. एकीकडे जुनं जंगल पाण्याखाली जाणार आणि दुसरीकडे त्याच्या बदल्यात आपलं जंगल खणलं जाणार. दोन्हीकडून आपणच.

रोपाचं वजन किती ते पण सांगते. नर्सरीतलं गुडघाभर रोप पिशवीतून काढून, माती झटकून, वाळवून तोललं तर पाव किलो सुद्धा भरत नाय. आपण उदार मनाने पाव किलो धरू. २५०० रोपं म्हणजे ६२५ किलो. आणि मगाशी एक जुना ऐन नुसत्या खोडाचा ५१५ किलो आला होता, फांद्या-मुळं धरली की ६२५ च्या पुढे सहज जातो. म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर रोपं, सगळी जगली असं धरलं तरी, लावल्या दिवशी एका ऐनाच्या बरोबरीची. ती मोठी होतील, होऊ देत. पण जुन्या जंगलाएवढी व्हायला किती वर्षं? तोपर्यंत माझ्या मुलीला नातवंडं झालेली असतील.

महाराष्ट्रात २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी, असं मिळून ५० कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. मी रोपं लावायच्या विरोधात नाय. उघड्या बांधावर, गावाच्या कडेला, शाळेभोवती लावा, आम्ही पण लावलीत. पण हिशोब रोपांच्या संख्येचा होतो आणि जंगल संख्येवर उभं राहत नाय. वरून उपग्रहाने जे बघतात ते सुद्धा झाडांचं छत बघतात. दहा ते चाळीस टक्के छत म्हणजे विरळ जंगल, चाळीस ते सत्तर मध्यम दाट, सत्तरच्या वर अति दाट. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला देताना जी किंमत भरावी लागते, ती पण जंगलाच्या जातीवर आणि या दाटपणावर ठरते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार ठरवली होती, २०२२ ला वाढवली. म्हणजे आपल्या डोंगराला विरळ म्हटलं की डोंगर स्वस्त झाला.

आपला वनहक्क कायदा सुद्धा संख्येच्या भाषेतनं सुटलेला नाय. शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा गावाच्या कामाला जंगलाची जागा घेताना हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, असं त्यात आहे. त्यात कोवळं झाड एक आणि आजीच्या वेळचा मोह पण एकच. म्हणून तिथं ग्रामसभेची शिफारस लागते ना, तिथं ग्रामसभेने विचारायचं : ७५ कुठली?

आता आपल्या घरातलं बोलू. हे बोलले नाय तर साहेबाला हसायचा मला हक्क नाय.

आपण राब करतो. ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या तोडायच्या, नाचणीच्या आणि भाताच्या रोपवाटिकेवर पसरायच्या, जाळायच्या. बापजाद्यांपासून चालत आलंय. या राबावरून ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत एवढी तक्रार झाली होती की १८८५ साली इंग्रज सरकारला चौकशी कमिशन नेमावं लागलं. तर राब आपला हक्क आहे, त्यात वाद नाय. पण दर वर्षी त्याच झाडाच्या शेंड्यापर्यंत फांद्या काढल्या तर ते झाड जाड कशानं होईल? पानं म्हणजे झाडाची चूल. चूलच मोडली तर अन्न कुठं शिजणार? आमच्या वाडीत असे ऐन आहेत, माझ्या बापाच्या लहानपणी जेवढे होते तेवढेच आजही. नुसता खांब आणि वर झुपका. हे कुठल्या साहेबाने केलं नाय.

दळीवाल्या म्हाताऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं. दोन-तीन वर्षं वरी-नाचणी काढली की जमीन टाकायची. परत कधी यायचं ते कॅलेंडर बघून नाय ठरवायचे, झुडूप बघून ठरवायचे. नुसती करवंद आणि कुडा असेल तर अजून थांबा. ऐनाचे फुटवे मांडीएवढे झाले, खाली पाल्याचा थर पाय रुतेल एवढा झाला, की राख पुरेल. हेच तर जंगलाचं वय आणि वजन. पुढे जमिनी आखल्या गेल्या, फिरायला जागा उरली नाय, त्याच त्याच तुकड्यावर परत परत यावं लागलं, आणि मग लोक म्हणाले आदिवासी जंगल जाळतो.

आणि एक अडचणीची गोष्ट. लागवडीला खड्डे खणायचे तर मजुरी मिळते. आमच्या वाडीतच दोन मतं आहेत. वीटभट्टीवर जाऊन सहा महिने मरण्यापेक्षा इथं डोंगरावर खड्डे खणू, असं म्हणणारा माझा सख्खा भाऊ आहे. त्याला मी चूक म्हणू शकत नाय, कारण त्याच्या पोरांची शाळा वीटभट्टीने बुडवली. माझं म्हणणं एवढंच आहे की मजुरी खड्ड्यालाच का? फुटव्यांतला एक सरळ सोटा ठेवून बाकीचे काढायचे, वणव्याची जाळपट्टी काढायची, राखण करायची, मोजणी करायची, हे पण काम आहे. ग्रामसभेने आराखडा केला तर रोजगार हमीतून ही कामं मागता येतात. एका खुंटाला पाच सोटे असताना पाचही काडी राहतात, दोन ठेवले तर ते दोन जाड होतात. काढलेले तीन सरपणाला येतात. यात झाड पण वाढलं आणि चूल पण पेटली.

हा हक्क आपल्याला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याची व्यवस्था लावायचा हक्क आहे. कलम ५ मध्ये ग्रामसभेला राखणीचे अधिकार दिलेत. २०१२ च्या सुधारित नियमांत ग्रामसभेच्या समितीने जंगलाच्या व्यवस्थेचा आराखडा करायचा, हे स्पष्ट आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबू विकायचा पास ग्रामसभेच्या हातात आला. तिथं पण आधी लोकांनी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवून आपलं जंगल समजून घेतलं होतं. पास नंतर आला.

आपल्याकडे बांबूचं तेवढं नाय. आपल्याकडे ऐन, साग, मोह, हिरडा, आणि हे खुंट आहेत. पुढच्या ग्रामसभेत लागवडीचा ठराव येणार आहे, त्याच्या आधी आपला आकडा आपल्याकडे पाहिजे. आकडा नसताना ‘आमचं जंगल चांगलं आहे’ म्हटलं की ते भावनेत जातं.

म्हणून काम असं ठरलंय. पाऊस लागायच्या आत प्रत्येक वाडीने आपल्या जंगलात पाच जागा धरायच्या. चांगल्या चांगल्या निवडायच्या नाहीत. एक ओढ्याकाठची, एक माथ्यावरची, एक वाडीजवळची जिथं राब तोडतो, एक जुन्या कुपातली, आणि असेल तर एक देवाच्या रानातली, जिथं कुऱ्हाड लागलेली नाय. प्रत्येक जागा वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, दोरीने आखायची. आतलं प्रत्येक झाड मोजायचं : नाव, गोलाई, खुंटाचं आहे की बियाचं, फांद्या तोडलेल्या आहेत की नाहीत. नाव आपल्या भाषेतलंच लिहा, साहेबाचं लॅटिन नंतर बघू. अशा पंचवीस चौकटींचा एक हेक्टर होतो, त्यामुळे एका चौकटीच्या बेरजेला पंचविसाने गुणलं की हेक्टरचा अंदाज येतो.

देवाच्या रानातली चौकट सोडू नका. तीच आपली फूटपट्टी. त्याच मातीत, त्याच पावसात, कुऱ्हाड लागली नसती तर आपला डोंगर केवढा जड झाला असता, ते तिथंच कळेल. आत जायच्या आधी भगताला विचारून घ्या, चपला बाहेर काढा, आणि झाडाला खिळा मारू नका. चुन्याचा पट्टा पुरे.

प्रत्येक गटात एक म्हातारं माणूस पाहिजे. टेप पोरं धरतील, वही लिहितील. पण हा खुंट कुठल्या कुपातला, त्या साली भट्टी कुणाची होती, या जागी दळी कधी सोडली, हे त्यांनी सांगायचं आणि तेही वहीत उतरवायचं. सोट्याचं वय एका रकान्यात, खुंटाचं वय दुसऱ्या रकान्यात. खुंटाचं वय नक्की कळणार नाय तिथं ‘अमक्याच्या लग्नाआधीचा’ असं लिहिलं तरी चालेल, दावा मांडताना जाणत्या माणसांचा जबाब पण पुराव्यात धरला जातो.

टेपा दहा आणल्यात. जेवण झालं की वाडीप्रमाणे घेऊन जा आणि सही करा. वही ज्याची त्याने आणायची. आमच्या वाडीची मोजणी रविवारी आहे, ज्यांना आधी बघायचंय त्यांनी सकाळी आठच्या आत या, नंतर डोंगर तापतो.